मदरबोर्ड बदलला, आता विंडोजचे काय?

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके नव्या जिल्ह्यात आले. जिल्हा नवा झाला म्हणजे नुसती पाटी बदलून भागत नाही. कोणती संचिका कोणत्या कपाटात ठेवायची, आवक-जावक कोणाकडे द्यायची, टपाल कोणत्या टेबलावर न्यायचे, हे सारे पुन्हा ठरवावे लागते. परभणीच्या कचेरीचा खडान्‌खडा माहीत असलेला एखादा हेडक्लार्क जुन्या सवयीने हिंगोलीच्या इमारतीत वावरू लागला, तर कपाट समजून तो जेथे हात घालील तेथे भिंत असेल!

संगणकाच्या पेटीतही असाच एक हेडक्लार्क बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या बहुतेक घरांत तो विंडोज या नावाने ओळखला जातो. कीबोर्डावर बोट पडले की अक्षर पडद्यावर आणणे, फाइल डिस्कवर नेमक्या जागी ठेवणे, प्रिंटरला कागद ओढायला सांगणे, ही सारी कामे तोच करून घेतो. पेटीतला मुख्य फलक, म्हणजे मदरबोर्ड, ही त्याची कचेरी. ही कचेरी बदलली की जुना हेडक्लार्क गोंधळतो आणि विंडोज नव्याने बसवावी लागते. ती कशी बसवावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बसवताना घरातले काय गमावू नये, याचा विचार आज करू.

हा प्रश्न आपल्या घरात का आला?

रोजंदारीतून पैसा पैसा बाजूला टाकून, भिशी उचलून किंवा बचत गटाचे कर्ज काढून घेतलेला जुना संगणक आज अनेक घरांत आहे. मुलगा त्यावर एमएस-सीआयटीचा सराव करतो, मुलगी संगणक टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करते, शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावरूनच भरले जातात. असे यंत्र बंद पडण्याची दोन कारणे आपल्या भागात नेहमीची आहेत. एक म्हणजे विजेचा दाब कमी-जास्त होणे, आणि दुसरे पावसाळ्यात वीज कडाडत असताना यंत्राची पिन बोर्डात तशीच राहणे. त्यात मदरबोर्ड जळतो.

तिसरे कारण अलीकडचे आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसापासून संगणक बंद पडला असे नव्हे, तर त्यातील सुरक्षेच्या त्रुटी बुजवण्याचे नित्याचे काम थांबले. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी नोंदणी करून घेण्याची जादा मुदत कंपनीने दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिच्या अटी कडक आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. जुनी यंत्रे येथेच अडतात. मग दुकानदार सांगतो, 'बोर्ड आणि प्रोसेसर बदला, बाकीची पेटी तीच राहू द्या.' सल्ला खर्चाच्या दृष्टीने वाईट नाही. पण त्यापाठोपाठ जे बोलणे होते, ते लक्ष देऊन ऐकण्यासारखे असते.

"काका, बोर्ड बदलल्यावर लगेच चालू होईल ना?"

"तसं कसं बाबा? विंडोज नव्यानं मारावी लागंल. डाटा-बिटा काही हाय का ह्यच्यात?"

"नाही काका, काहीच नाही."

झाले! त्या 'काहीच नाही' मध्ये काय काय असते? बहिणीच्या जात पडताळणीसाठी स्कॅन केलेले पणजोबांचे कागद, बापाच्या मजुरीचे हिशेब, आजीचा आवाज, लग्नाचे फोटो, बचत गटाचे तीन वर्षांचे पुस्तक. मुलाला ते आठवत नाही, कारण ते त्याने ठेवलेले नसते. दुकानदाराचाही त्यात दोष नाही, त्याने विचारले होते. म्हणून संगणक दुकानात नेण्यापूर्वी घरातल्या सर्वांना, विशेषतः आई-बहिणींना, 'तुमचे यात काय आहे?' असे विचारले पाहिजे. संपूर्ण लेखातून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. यंत्र पुन्हा घेता येते, विंडोज पुन्हा बसवता येते, पण पुसलेला कागद पुन्हा मिळेलच असे नाही.

कोणता भाग बदलला तर काय करावे?

प्रत्येक दुरुस्तीनंतर विंडोज नव्याने बसवावी लागते, हा समज चुकीचा आहे. काही ठिकाणी विनाकारण 'फॉरमॅट मारून' त्याचे वेगळे पैसे घेतले जातात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

रॅम वाढवली तर विंडोजला हात लावायची गरज नाही. बसवली, चालू केले, संपले. ग्राफिक्स कार्ड किंवा प्रिंटर बदलला तर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाची भाषा जाणणारा दुभाष्या. त्याच मदरबोर्डवर नुसता प्रोसेसर बदलला, तरी बहुधा काम भागते.

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, तर दोन मार्ग असतात. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवता येते, त्याला क्लोन करणे म्हणतात. किंवा नव्या डिस्कवर विंडोज कोरी बसवता येते. जुनी विंडोज नीट चालत असेल तर क्लोन पुरेसे आहे. ती रडत-रखडत चालत असेल तर कोरी बसवलेली बरी.

मदरबोर्डच बदलला, तर मात्र कोरी विंडोज बसवणे हाच चांगला उपाय. विंडोज एक्सपीच्या काळात बोर्ड बदलला की यंत्र सुरू होतानाच निळा पडदा येऊन सारे ठप्प होई. याचे कारण असे, की विंडोजला आधी डिस्क वाचावी लागते आणि त्यासाठी बोर्डवरील डिस्कच्या नियंत्रकाचा दुभाष्या लागतो. तिच्याजवळ असतो तो जुन्या बोर्डचा! कपाटाची किल्लीच बदललेली असल्यावर हेडक्लार्क काय करणार? विंडोज १० व ११ या बाबतीत बऱ्याच शहाण्या आहेत. नवा बोर्ड दिसला की त्या स्वतः दुभाषे शोधतात आणि अनेकदा जुनीच विंडोज चालूही होते. पण जुने दुभाषे आत पडून राहतात, मधूनच यंत्र अडते, आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

आधी कागद, मग यंत्र

बोर्ड जळला म्हणजे डिस्कही जळली असे नाही. बहुतेक वेळा डिस्क शाबूत असते. ती पेटीतून काढून यूएसबीच्या डबीत घातली की दुसऱ्या संगणकाला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. त्यातून सारे उतरवून घ्यावे. यंत्र चालू असतानाच बोर्ड बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच हे काम उरकावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'माझे सगळे डी ड्राइव्हला आहे, त्याला काही होत नाही,' असे पुष्कळजण म्हणतात. घरगुती यंत्रात सी आणि डी या बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. जुन्या डिस्कची मांडणी एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीची असेल, तर नव्या बोर्डवर विंडोज बसवताना 'या डिस्कवर बसवता येत नाही' अशी सूचना येते. मग घाईघाईत साऱ्या खोल्या पाडून डिस्क नव्याने आखली जाते, आणि सी बरोबर डी सुद्धा जातो. म्हणून नक्कल त्याच डिस्कवर नको, पेटीच्या बाहेर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर हवी.

नक्कल करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटोंचे फोल्डर पाहावेत, कारण हे सारे सी मध्ये असतात. टॅलीवर कोणाचे हिशेब लिहीत असाल तर त्याचे डेटा फोल्डर घ्यावे, आणि यंत्र चालू असेल तर टॅलीचा परवाना आधी 'सरेंडर' करावा. डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर त्याचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागेल, हे लिहून ठेवावे. नक्कल झाली की ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजता घेतलेली मोड!

दाखले आणि गुणपत्रकांपुरता आणखी एक आधार आहे. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये शासकीय संस्थांनी दिलेली अनेक कागदपत्रे मिळतात व ती मूळ कागदासारखीच ग्राह्य धरली जातात. तरीही घरातल्या जुन्या कागदांचे स्कॅन आणि फोटो तेथे आपोआप जात नाहीत, ते आपणच जपायचे.

बाहेर ठेवलेल्या एका नकलेचे मोल काय असते, हे जगातल्या फार मोठ्या कंपनीलाही कळून चुकले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रातही बसला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाच्या ताब्यातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्याचे काम विस्कळीत झाले व कंटेनर अडकून पडले. कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले, की त्यांच्या माणसांनी दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पण यंत्रे पुन्हा बसवली तरी कोणत्या कर्मचाऱ्याला कोणते दालन उघडे, याची मूळ नोंद कोठून आणायची? ती नोंद ठेवणारी सारी यंत्रे पुसली गेली होती. जगभर शोधल्यावर एकच नक्कल सापडली, आफ्रिकेतील घाना देशात. हल्ला झाला तेव्हा तेथील वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते आणि बचावले! वीज जाण्याचा असा फायदा आपल्या वाट्याला नेहमी येणार नाही. म्हणून नकलेची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढूनच ठेवावी.

जुन्या मराठी फाइलींचा घोर

मराठी घरांना आणि मंडळांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पूर्वीचे मराठी टंकन श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉण्टांत होई. त्यांत अक्षराचा आकार मराठी असला, तरी आत साठवलेली खूण वेगळीच असे. विंडोज कोरी बसवली की हे फॉण्ट जातात, आणि दहा वर्षांचे अहवाल उघडले की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कालवा दिसतो. फाइल बिघडली असे वाटून कोणी ती पुसूनही टाकतो. ती बिघडलेली नसते, फक्त फॉण्ट नसतो.

उपाय सोपा आहे. जुन्या डिस्कवर विंडोज फोल्डरच्या आत फॉण्ट्स नावाचे फोल्डर असते, त्यातून हे फॉण्ट उतरवून ठेवावेत व नव्या यंत्रात टाकावेत. जुन्या मराठी सॉफ्टवेअरला कुलपासारखी छोटी डोंगल लागत असेल तर ती कोणत्या खाचेत बसते तेही पाहावे. पूर्वीच्या प्रिंटरच्या रुंद खाचेत बसणारी डोंगल असेल, तर नव्या बहुतेक बोर्डांवर ती खाचच नसते. अशा वेळी जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेणे शहाणपणाचे.

युनिकोड ही सर्व भाषांसाठी एकच पद्धत आहे. १९९१ पासून तिच्यात देवनागरी आहे, आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये आली. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही यंत्रावर, मोबाइलवर, पुढच्या विंडोजवरही वाचता येते. नवी विंडोज बसवल्यावर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिण्याची सवय असणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. दोन्ही फुकट आहेत, वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही.

परवाना यंत्राचा की माणसाचा?

विंडोजचा परवाना दोन प्रकारचा असतो. तयार संगणकाबरोबर येणारा परवाना त्या यंत्राशी, म्हणजे व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्यांच्या तयार यंत्रांत त्याची चावी बोर्डच्या चिपमध्येच भरलेली असते. बोर्ड गेला की ती चावीही गेली. कंपनीनेच नादुरुस्त बोर्ड तशाच बोर्डने बदलून दिला तर परवाना टिकतो. आपण हौसेने वरचा बोर्ड टाकला तर टिकत नाही. दुसरा प्रकार दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेल्या परवान्याचा. तो जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. थोडक्यात, पहिला परवाना यंत्राचा, दुसरा माणसाचा.

दुसऱ्या प्रकारचा परवाना असेल तर बोर्ड बदलण्यापूर्वीच तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावा. ही सोय २०१६ पासून आहे. नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबून 'नुकतेच हार्डवेअर बदलले' या अर्थाचा पर्याय निवडला, की खात्यातील जुन्या यंत्राच्या नावावरून परवाना परत मिळवता येतो. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी चावी टाकून नवी विंडोज चालू करण्याची वाट कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. ती चालेल या भरवशावर राहू नये.

परवाना नसलेली विंडोज लगेच बंद पडत नाही. कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट करा' अशी सूचना राहते व काही सजावटीच्या सोयी मिळत नाहीत. ते खटकते म्हणून क्रॅक टाकून घेण्याचा मोह होतो. पण क्रॅक टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे सांगितले जाते, यातच सारे आले. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे खाते उघडतो, त्या यंत्राचा दरवाजा अनोळखी माणसासाठी आपल्याच हाताने उघडा ठेवायचा काय?

प्रत्यक्ष काम कसे करावे?

हे काम अवघड नाही. दहावी-बारावीची मुलगीही ते शांतपणे करू शकते. क्रमाने करावे म्हणजे झाले.

पहिले, डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आहे का ते पाहावे. असल्यास बोर्ड बदलण्यापूर्वी ते बंद करावे, अथवा त्याची ४८ अंकी चावी कागदावर उतरवून ठेवावी. नव्या बोर्डवर ती मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्कवरचे काहीही वाचता येत नाही.

दुसरे, चालू असलेल्या एखाद्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज बसवण्याचा पेन ड्राइव्ह तयार करावा. तो किमान ८ जीबीचा लागतो, आणि त्यातले आधीचे सारे पुसले जाते, हे विसरू नये. नव्या बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेटवर्क व वाय-फायचा ड्रायव्हरही दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्यावा. नाही तर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, असा पेच पडतो.

तिसरे, नवी डिस्क घेतली असेल तर जुन्या डिस्कची वायर काढून ती बाजूला ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणार नाही.

चौथे, पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू करावे व बूट मेनूची कळ दाबावी. ही कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते, बोर्डच्या पुस्तिकेत ती दिलेली असते. विंडोज ११ साठी टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही सोयी बोर्डच्या सेटिंगमध्ये चालू कराव्यात.

पाचवे, जी आवृत्ती आपल्या परवान्याची, तीच निवडावी. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. तेथे 'प्रो' बसवली तर परवाना जुळत नाही, आणि लोक परवानाच गेला असे समजतात. चावी विचारली तर 'माझ्याजवळ चावी नाही' हा पर्याय घेऊन पुढे जाता येते.

सहावे, विंडोज उघडल्यावर आधी अपडेट चालवावे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोठे पिवळी खूण दिसते का ते पाहावे. खूण दिसली तर त्या भागाचा दुभाष्या मिळालेला नाही असे समजावे व बोर्डच्या कंपनीकडून तो घ्यावा. यानंतर मराठी कीबोर्ड, फॉण्ट, प्रिंटर, आणि सर्वांत शेवटी आपल्या फाइली.

काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असलेला बरा. वादळी दिवस तर टाळावाच.

खाते कोणाच्या नावाचे?

विंडोज ११ बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. आपण समोर नसलो तर काही वेळा दुरुस्ती करणारा वेळ वाचवण्यासाठी स्वतःचाच ई-मेल टाकून मोकळा होतो. त्याचा हेतू वाईट नसेलही. पण त्यामुळे आपले यंत्र त्याच्या खात्यावर नोंदले जाते. शिवाय विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या बऱ्याच यंत्रांवर डिस्कचे कुलूप आपोआप लागते आणि त्याची चावी ज्याचे खाते असेल त्याच्याकडे जाते. घर आपले, सामान आपले, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! उद्या तो माणूस दुकान बंद करून पुण्याला गेला, तर चावी कोठून आणणार?

म्हणून घरातल्या जाणत्या माणसाच्या नावाने खाते आधीच काढावे, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि हा टप्पा येईल तेव्हा आपण स्वतः समोर बसावे. दुरुस्ती करणाऱ्याला नम्रपणे सांगावे, 'दादा, येथे आमचा ई-मेल टाका.' भांडण्याची गरज पडत नाही.

बोर्ड बदलायलाच हवा का?

विंडोज ११ चालत नाही एवढ्याच कारणाने चांगले यंत्र भंगारात काढण्याची गरज नाही. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली, आणि आज ती जगभरातील हजारो लोकांच्या हातून घडते आहे. तिचे उबुंटू, लिनक्स मिंट असे अनेक प्रकार विनामूल्य मिळतात. आपल्या देशात सीडॅक या शासकीय संस्थेने २००७ साली बॉस नावाची लिनक्स प्रणाली आणली, तिच्यात भारतीय भाषांचा विचार आहे. केरळच्या सरकारी शाळांतून मुले वर्षानुवर्षे अशाच मुक्त प्रणालीवर शिकत आली आहेत.

लिनक्समध्ये बहुतेक भागांचे दुभाषे आधीच आत असतात. त्यामुळे बोर्ड बदलला तरी ती बहुधा तशीच चालू होते, आणि परवान्याची भानगड तर मुळीच नाही. पेन ड्राइव्हवरून ती न बसवताही चालवून पाहता येते. पण घाई नको. टंकलेखनाच्या सरावाचे सॉफ्टवेअर, टॅली, काही डिजिटल टोकन हे विंडोजसाठी केलेले असते. आपल्या घरात यांपैकी काय लागते ते पाहून ठरवावे. नुसते लिहिणे, अभ्यासाचे व्हिडिओ आणि इंटरनेटवरील अर्ज एवढेच काम असेल, तर पाच-दहा हजारांचा बोर्ड घेण्याआधी एक संध्याकाळ लिनक्सला देऊन पाहायला काय हरकत आहे?

आणि बोर्ड बदललाच, तर जुनी डिस्क लगेच विकू नये किंवा पुसू नये. निदान एक महिना ती कपाटात राहू द्यावी. 'अरे, ते कोठे गेले?' हा प्रश्न बहुधा पंधरा दिवसांनीच पडतो. एका वहीच्या पानावर बोर्डचे नाव, विंडोजची आवृत्ती, परवान्याचा प्रकार, खात्याचा ई-मेल, बिटलॉकरची चावी आणि नक्कल घेतल्याची तारीख लिहावी, आणि ते पान रेशनकार्ड ठेवतो त्याच पिशवीत ठेवावे. ते घरातल्या एकाच मुलाच्या डोक्यात राहू नये. मुलगा शिकायला छत्रपती संभाजीनगरला किंवा कामाला मुंबईला जातो, वही मात्र घरात राहते.